कोपऱ्यातला श्री

लोखंड अंगावर असलं की मला अजूनही काहीतरी चोरून नेत असल्यासारखं वाटतं. देवळात शिरताना लोक चपला काढतात, माझा हात आधी खिशातल्या किल्ल्यांकडे जातो. बायको म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. लागलं असेल बुवा. पण ते हिराजीदादांनी लावलंय, आणि त्यांनी लावलेलं काही सहजासहजी सुटत नाही.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. आगरदांड्याच्या जेटीजवळ, नारळाच्या वाडीमागे, सरकारचं एक लहानसं ठाणं होतं. गावात त्याला चुंबकाचा बंगला म्हणत. पृथ्वीला स्वतःचं चुंबकत्व असतं आणि ते दिवसभर थोडं थोडं हलत राहतं. ते हलणं टिपून ठेवायचं, एवढाच आमचा उद्योग. आत अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला टांगलेला एक चुंबक, त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा, आणि आरशावर दिव्याची तिरीप. चुंबक हलला की आरसा हलायचा, आरसा हलला की उजेडाचा ठिपका सरकायचा, आणि तो ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढत जायचा. कागद पितळी नळकांड्यावर गुंडाळलेला, नळकांडं घड्याळावर फिरणारं, दिवसरात्र मिळून एक फेरा. सकाळी कागद उतरवून नवा चढवायचा, उतरवलेला धुऊन वाळत घालायचा. धुतल्यावर पांढऱ्या कागदावर काळी रेघ उमटायची. ती काचेच्या पट्टीने मोजून आकडे काढणं माझं काम. कागद बदलणं हिराजीदादांचं.

त्या खोलीचे वैरी दोन, लोखंड आणि उजेड. साधी टाचणी जवळ गेली तरी चुंबक तिच्याकडे वळणार. दाराच्या फटीतून उजेड आत आला की कागद काळा ठिक्कर. गेलेला दिवस परत मोजता येत नाही. खोलीला आतबाहेर दोन दारं, एक पुरतं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा पहिला नियम, आणि दादा तो देवाच्या आणेसारखा पाळत.

मी रुजू झालो त्या दिवशी दारातच एका काटक, काळ्यासावळ्या माणसाने मला अडवलं. खाकी सदरा, सदऱ्याला लाकडी गुंड्या, डोईला लाल रुमाल, आणि डोळे कुणीतरी मागून येत असल्यासारखे. हेच हिराजीदादा. "भाऊ, खिसं दाव," म्हणाले. खिसे झाले, पट्टा झाला, चष्म्याची काडी झाली. मग मला पाय वर करायला लावला. वहाणांना खिळे होते. वहाणा वाडीच्या टोकाला, फणसाखाली नेऊन ठेवल्या तेव्हा कुठे त्यांचा श्वास खाली बसला. मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी वेड्याशी गाठ.

पुढे कळलं की यातून कुणाचीच सुटका नव्हती. एकदा तालुक्याचे मोठे अधिकारी सहकुटुंब ठाणं बघायला आले. दादांनी त्यांचा पट्टा उतरवला. पट्टा उतरला आणि विजार घसरायला लागली. साहेब एका हाताने ती धरून सगळं ठाणं हिंडले, बाईसाहेब केसांतले आकडे काढून अंबाडा सावरत मागून. मी हसू दाबून दाबून बेजार झालो. दादांच्या तोंडावर मात्र हसण्याचं नाव नाही, ते घामाने भिजले होते. साहेब गेल्यावर म्हणाले, बाईंच्या गळ्यातल्या पोतीचा फासा कशाचा होता ते विचारायचंच राहिलं. त्या धास्तीने त्यांना दोन घास गेले नाहीत.

असा भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि भीती अशी उघडी बाळगणाराही नाही. आपण भितो ते चारचौघांत लपवतो. दादा विचारल्यावर सांगून मोकळे होत. विजेला भितात, कागद धुवायच्या औषधांना भितात, मुंबईहून आलेल्या पाकिटाला भितात. पाकीट आलं की ते मलाच फोडायला लावत आणि स्वतः दाराशी उभे राहत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "भ्यालेला मानूस म्हातारा व्हतो. शूर मान्सं म्हातारी झालेली मी न्हाय बगली."

सगळ्यात मोठी भीती पाण्याची. कोळ्याचा पोर आणि पाण्याला भितो! मुंबईला जायचं तर सगळं गाव लाँचने जायचं, दादा मात्र पेणवरून धूळ खात सडकेने. कोळीवाड्यातल्या बाया त्यांना बघून म्हणत, हिराजीची होडी चाकावर चालते. दादा मान खाली घालून पुढे जात.

कारण मला त्यांच्याच तोंडून कळलं, फार उशिरा. त्यांच्या बापाची होडी होती. नारळी पुनवेच्या आधी होड्या रंगवतात आणि नाळीवर, म्हणजे होडीच्या तोंडावर, शेंदराने श्री काढतात. तो काढायचा मान घरातल्या शिकलेल्या पोराचा, म्हणजे दादांचा. त्या वर्षी रंग ओला होता. दादा म्हणाले, पसरला तर खराब दिसेल, उद्या काढू. बाप आणि थोरला भाऊ तशीच होडी घेऊन गेले, जरा जाळं टाकून येतो म्हणून. होडीची एक फळी मिळाली, माणसं मिळाली नाहीत. एवढं सांगून दादा उठून दाराची पितळी कडी बघायला गेले.

तेव्हा त्या श्रीचा मला उलगडा झाला. रोज सकाळी कागदाला न बाधणाऱ्या तांबड्या दिव्याच्या मिणमिण्या उजेडात कोरा कागद चढवायच्या आधी दादा त्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथून दिवसाची रेघ सुरू होणार तिथे, काळ्या शाईने श्री काढत. टाकाला लोखंडी निब, म्हणून बोरूने. शाई पक्की, धुतल्यावरही जात नसे. आमच्या ठाण्यात असा एक दिवस नव्हता की ज्याच्या कपाळावर श्री नाही. मी रेघ मोजताना माझा डोळा तो ओलांडून जायचा. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पत्रावर श्री, वहीवर श्री, लग्नपत्रिकेवर श्री, मग कागदावर का नको?

दादांची मुलगी यमुना. बायको लवकर गेली, ही एकच. मराठी शाळेत मास्तरीण झाली आणि नेमणूक मिळाली खाडीपलीकडे, दिघीला. रोज सकाळी आगरदांड्याहून मचव्याने जायचं, संध्याकाळी यायचं. दादांनी बदलीसाठी किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या ते विचारू नका. काही झालं नाही. यमुना बापाच्या उलट, हसरी आणि धीट. मचव्यात उडी मारून बसायची. कागद बदलायची वेळ आणि मचवा सुटायची वेळ एकच. जेटीवरून तांडेलाची, म्हणजे मचवा हाकणाऱ्याची, हाक आली की इकडे अंधारात दादांचा बोरू चालायचा. तिची नोकरी सुरू झाल्यापासून कोपऱ्यातला श्री जरा मोठा झाला. ते मी पाहिलं होतं, बोललो नाही. बापाचं काळीज, बोलायचं काय त्यात?

मग ते मुंबईचं यंत्र आलं.

आलं म्हणजे तिकडे, मुख्य कचेरीत. आम्हाला नुसता हुकूम. आता आकडे हाताने काढायचे नाहीत. सगळ्या कागदांचे बारीक फोटो फिल्मवर घ्यायचे आणि फिल्म पाठवायची. तिथे त्या फिल्ममधून उजेड सोडत, पलीकडे विजेचा डोळा बसवलेला. रेघ असेल तिथे उजेड अडायचा. कुठे अडला ते मोजून यंत्र कागदी फितीला भोकं पाडायचं, आणि ती फीत गणकयंत्र वाचायचं. आमची महिन्याची मोजणी तिथे चहा पिऊन होईपर्यंत उरकत असे म्हणतात. मी म्हटलं, चला, आपले डोळे सुटले. दादांनी विचारलं, तो इजेचा डोळा मिटतो का? मी म्हटलं, नाही मिटत. "मंग वंगाळ," म्हणाले. मी हसलो.

पुढे पाकीट आलं. नेहमीप्रमाणे मी फोडलं, दादा दाराशी. आत विचारणा होती. तुमच्या ठाण्यात रोज सकाळी, अगदी ठरलेल्या वेळी, चुंबकत्वात मोठा धक्का दिसतो. आजूबाजूच्या दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात तो नाही. म्हणजे तुमच्याकडे रोज त्या वेळी लोखंड हलतंय. शोधा. सापडलं नाही तर या ठाण्याची नोंद भरवशाची धरता येणार नाही, आणि ठाणं चालू ठेवायचं की नाही याचा विचार करावा लागेल. वाचून मान वर केली तर दादा खाली बसले होते.

त्यानंतर रोज सकाळी त्या वेळी आम्ही दोघं जिवाचा कान करून उभे. दादांनी दूधवाल्याची सायकल वाडीच्या बाहेर थांबवली. मासळीवाल्या बायांच्या कोयत्या रस्त्यावर ठेवायला लावल्या. विहिरीचा रहाट सकाळचा बंद. शेजारच्या म्हातारीच्या पायात मोडलेली सुई राहिली आहे अशी वदंता होती, तर तिला लेकाकडे मुरुडला धाडायची गळ घातली. आधी मी चेष्टा करत होतो. मग माझीही झोप उडाली. रोज ठरलेल्या वेळी येणारं आणि दिसत नसलेलं काहीतरी आपल्या भोवती फिरतंय, ही कल्पनाच वाईट. त्या खोलीत एकटं जायला मी घाबरायला लागलो. दादांनी तर मनाशी ठरवूनच टाकलं. एकदा हळूच म्हणाले, माझा बा आणि भाऊ सकाळचेच गेले होते.

इतकं करूनही पुढच्या फिल्ममध्ये धक्का होताच. शेवटी मुंबईहून साहेब आले. तरुण, मवाळ बोलणारे, स्वतःहून पट्टा काढून ठेवणारे. यंत्राने काढलेला आलेख त्यांनी टेबलावर पसरला, शेजारी आमचा त्याच दिवसाचा कागद ठेवला. दिवस सुरू होतानाच आलेखावर एक उंच सुळका होता, पुढे सगळं शांत. साहेबांनी आलेखावरचं बोट उचलून कागदावर नेलं. डाव्या कोपऱ्यात टेकवलं.

"हे काय आहे?"

"श्री हाय, साहेब," दादा म्हणाले.

साहेब आधी कागदाकडे बघत राहिले, मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो, सुटल्यासारखा. यंत्राला काळं ते सगळं सारखं. श्रीच्या वेलांटीवर चढून ते खाली उतरत होतं, आणि आम्ही म्हातारीच्या पायातली सुई शोधत होतो. लोखंड नव्हतं, भूत नव्हतं, ठाणं वाचलं. साहेबांनी दादांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, उद्यापासून तेवढं बंद करा, म्हणजे झालं.

दादा मात्र भिंतीला टेकले होते. त्यांचा चेहरा बघून साहेबांचं हसू थांबलं. माणूस चांगला, त्याने तोड काढली. हवं तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहा, म्हणाले, यंत्र मागे बघत नाही.

"श्री फुडं असतो, साहेब," दादा म्हणाले. "होडीच्या पाठीमागं कोन काढतो?"

साहेबांनी मान डोलावली, आलेख गुंडाळला. हुकूम मात्र होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत होतो. पावसाळा सरत आला होता, खाडीला ओढ होती, वारा उलटा. तांडेलाची हाक ऐकू आली. मला वाटलं, आत्ता दादा बोरू हातात घेऊन खाली ठेवत असतील. मचवा सुटला. ठाण्यात सगळं सामसूम. थोड्या वेळाने दार धाडकन भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. त्या ठाण्यात दार कधी वाजलं नव्हतं. बाहेर आलो तर दादा अनवाणी, रुमाल गळून पडलेला, वाडीतून जेटीकडे धावत होते.

मी खोलीकडे गेलो. बाहेरचं दार उघडं, आतलं दार उघडं, आणि सकाळचं ऊन सरळ आत जाऊन नळकांड्यावर पडलं होतं. त्या उन्हातही मला ठिपका दिसला. तो कागदावर नव्हताच. एकदा भिंतीवर जायचा, एकदा परत यायचा, थरथरायचा आणि पुन्हा पळायचा. चुंबकाची वादळं असतात हे मी शिकलो होतो. सूर्यावर काही घडलं की ती सगळ्या जगभर एकदम येतात, त्यांचा खाडीशी काही संबंध नसतो. सगळं ठाऊक होतं. पण खरं सांगतो, तो ठिपका तसा उड्या मारताना बघून मीच एक पाऊल मागे सरलो. श्री नसलेला पहिला कागद, आणि त्यावर हे. दादांना काय वाटलं असेल? मी दोन्ही दारं लावली, पण उजेडाने जे करायचं ते करून झालं होतं.

जेटीवर दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पाण्याला जन्मभर भ्यालेला माणूस. मचवा कुठे दिसत नव्हता. मी त्यांना धरून वर आणलं. बऱ्याच वेळाने मचवा परतला तेव्हा तांडेल म्हणाला, वाऱ्याने जरा लांबून न्यावा लागला, बाई केव्हाच उतरल्या, आता शाळेत पाढे घेत असतील. दादांनी ऐकलं आणि तिथेच बसून राहिले. तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नव्हतं त्यांना. मी पाणी आणलं, भाकरी आणली. कशाला शिवले नाहीत. दाराचं मला सांगवेना.

संध्याकाळी मचवा लागला. यमुना उतरली, पिशवी सावरली आणि बापाला तसा बसलेला बघून थबकली.

"आबा, तुमी हितं? मंग थितं कोन हाय?"

दादांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. तिचा हात धरला. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"दार," एवढंच म्हणाले.

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्या दिवसाचा कागद धुतल्यावर पाटीसारखा काळा निघाला. एवढं मोठं वादळ क्वचित येतं म्हणतात. जगभरच्या ठाण्यांत ते नोंदलं गेलं, आमच्याकडे काळा कागद. दादांनी मला काही लपवू दिलं नाही. मुंबईचे साहेब पुन्हा आले तेव्हा स्वतः पुढे होऊन सांगितलं, दोन्ही दारं मी उघडी टाकली. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, तुमच्या हातून होईल असं वाटलं नव्हतं. दादांनी त्याच बैठकीत नोकरी सोडायचं सांगितलं. माझा भरोसा आता मलाच न्हाय, म्हणाले. जाताना पितळी कडी एकदा लावून बघितली, एकदा काढून बघितली, आणि बोरू माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी पुढे त्या खोलीत कागद चढवत राहिलो, कोपरा कोरा ठेवून. कागद चढवताना दर सकाळी मी आधी ठिपका जागेवर आहे ना ते बघायचो. अजून कुणाला बोललो नव्हतो, आज बोललो.

माझीही बदली झाली. बऱ्याच काळाने एका लग्नासाठी दिवेआगरला निघालो होतो. आगरदांड्याला सकाळचा मचवा धरला. गर्दी होती, कोंबड्या, टोपल्या, शाळेची पोरं. मचवा निम्म्या खाडीत आला तेव्हा पलीकडच्या फळीवर मला लाल रुमाल दिसला. शेजारी यमुना, मांडीवर पोरांच्या पाट्या घेऊन त्या तपासत बसलेली. मी तांडेलाला विचारलं, हे कसे काय मचव्यात? तो म्हणाला, रोज असतात. सकाळी लेकीबरोबर जातात, तिला उतरवून याच मचव्याने परततात. संध्याकाळी आणायला पुन्हा जातात, पुन्हा येतात. आधी लोक हसायचे, आता त्यांची जागा मोकळी ठेवतात.

मी टोपल्या ओलांडत त्यांच्याजवळ गेलो. यमुनेने मला ओळखलं, हसली, सरकून जागा दिली. दादांचे डोळे घट्ट मिटलेले होते, ओठ पांढरे पडले होते. मी हाक मारली. आवाज ओळखला त्यांनी, पण डोळे उघडले नाहीत.

"दादा, भीती गेली वाटतं," मी म्हटलं.

"न्हाय, भाऊ," ते म्हणाले. "भ्या हाय म्हनूनच बसलोय."

एक लाट आडवी लागली, मचवा कलला. पोरं ओरडली आणि हसली. यमुनेने डोकंही वर केलं नाही. दादांचे दोन्ही हात फळीला असे आवळलेले होते की बोटांची पेरं पांढरी झाली होती. श्री काढायला एकही बोट मोकळं नव्हतं.